अल क्वोजमधले मठाधिपती

ज्या इमारतीत माणसाने कधी पाऊल ठेवलेलं नाही, तिच्यातल्या जिन्यांबद्दल त्याने किती बोलावं याला काही मर्यादा असेल अशी माझी समजूत होती. चाचांच्या गाडीतून ऑफिसला जायला लागल्यावर ती गेली.

आम्ही दोघं शारजात, अल मजाजला राहत होतो आणि ऑफिस दुबईत, अल क्वोजला होतं. हे अंतर नकाशावर अर्ध्या तासाचं आहे, आणि अर्ध्या तासात ते फक्त नकाशावरच कापता येतं. उरलेला वेळ चाचांचा. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याजवळ, भरती आली की चहूबाजूंनी पाण्यात जाणाऱ्या एका खडकावर, मध्ययुगातल्या ख्रिस्ती साधूंनी बांधलेला एक मठ आहे. शारजाची हद्द ओलांडेपर्यंत त्या मठाचा दगड होड्यांतून खडकापाशी पोचायचा. विमानतळाच्या बोगद्याशी आलो की तिथल्या चर्चचा एक भाग कोसळायचा. अल क्वोजची गोदामं दिसेपर्यंत तो पुन्हा उभा राहायचा, या खेपेला खाली जाडजूड खांब देऊन. ट्रॅफिक जास्त असेल त्या दिवशी साधूंना जेवायलाही मिळे.

चाचा मूळचे मुरूडचे. घराच्या ओट्यावरून जंजिरा बघत मोठे झालेले, मुंबईत डिप्लोमा केलेले आणि त्यानंतर जन्मभर आखातात. आमच्या कंपनीत ते डिझाइन हेड होते, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलं होतं. त्यांच्या हाताखाली दोन ड्राफ्ट्समन आणि एक मोठा प्रिंटर होता, आणि प्रिंटर त्यांचं ऐकत नसे. एसी कितीही गार असो, अंगात फिकट करडा सफारी. तो मुरूडच्या एकाच शिंप्याकडून शिवून येई, आणि शिंपी म्हातारा होत गेला तसतशी सफारीची एक बाही दुसरीपेक्षा लांब होत गेली. चाचांनी शिंपी बदलला नाही. हात थोडा वाकवून धरायची सवय लावून घेतली.

समोर सगळे त्यांना चाचा म्हणत आणि पाठीमागे मठाधिपती. हे नाव माझं. मराठी न कळणारे सहकारीही ते सफाईने म्हणत, कारण त्यांना ती पदवी वाटायची. चाचांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी राग न धरता फक्त दुरुस्ती केली.

"मठाधिपतीला स्वतंत्र घर असायचं, मॅडम. मला क्युबिकल आहे."

आमची कंपनी गिऱ्हाइकाला हव्या त्या देशाची इमारत इथल्या वाळूवर काढून देत असे. एका गृहस्थांना खाली ग्रीक, मध्ये राजस्थानी आणि गच्चीवर जपानी असं घर हवं होतं. त्यांना तिन्ही मिळालं, वर पोटमाळाही. माझं काम माहितीपत्रकांचा मजकूर लिहिण्याचं. 'कालातीत' हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की आता घड्याळ बघितलं तरी ओशाळल्यासारखं होतं.

अशा ठिकाणी चाचा कुठल्याही प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला तीनच प्रश्न विचारत. पाणी कुठून येणार, जेवण कुठे शिजणार आणि घाण कुठे जाणार. गिऱ्हाईक आलेलं असे झुंबर कुठे लावायचं हे ठरवायला. आमचे एमडी नाशिकचे. भला माणूस, पण चाचांनी घसा साफ केला की त्यांचा चेहरा विमान खाली येताना होतो तसा होई.

"जंजिरा कुणाला घेता आला नाही," चाचा सांगत. "सगळे तोफा दाखवतात. अरे, भर समुद्रात आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. तोफा काय पिता येतात?" मग आवाज खाली आणून, "त्या मठातही तेच. पावसाचं पाणी साठवायची टाकी आधी. देव नंतर."

त्यांनी तो मठ पाहिलेला नव्हता, ही गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती. का नाही गेलात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "भरतीची वेळ जुळली नाही."

एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. मुलगी शारजातच जन्मलेली, तिथल्याच एका बँकेत नोकरी करणारी. बापाने मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं असा त्या घराचा रिवाज. भरतीचा विषय निघाल्यावर तिने ताटातून मान वर न करता सांगितलं, "अब्बा, देअर इज अ ब्रिज. बसेस गो एव्हरी डे."

"पुलावरून जाणं म्हणजे जाणं नव्हे," चाचा म्हणाले.

"यू गो टू ऑफिस ओव्हर अ ब्रिज."

"म्हणूनच सांगतोय. ऑफिसला जातो ते काय जाणं आहे?"

आणि मला आग्रहाने आणखी एक बोंबील वाढला. वाढण्याच्या बाबतीत मात्र ते कुठल्याही मठाधिपतीला हरवतील.

मठाच्या ज्या भागावर त्यांचा खरा जीव होता तो चर्चचा मनोरा नव्हता. मनोरा त्यांना बाशिंगासारखा वाटे. खडकाच्या उत्तर अंगाला साधूंनी एकावर एक तीन मजले चढवले होते. चाचा ते जेवणाच्या डब्यावर समजावत. ऑफिसात स्टीलचा तीन पुडांचा डबा घेऊन येणारे ते एकटेच, आणि मला दाट संशय आहे की ते डबा त्यासाठीच आणत.

"हा वरचा पूड. इथे साधू. त्यांचं जेवणघर आणि शेजारी चौकोनी अंगण, भोवती खांबांची ओवरी. खांब किती बारीक, मॅडम, अगरबत्तीसारखे. का? तर खाली दालन आहे, वजन झेपायला हवं. हा मधला पूड. इथे सरदार, राजे, मोठे पाहुणे. शेकोट्या वगैरे. आणि हा खालचा." इथे थांबून ते खालचा पूड हातात घेत. त्यात साधारणपणे भात असे. "इथे कोणीही. यात्रेकरू, भिकारी, वाट चुकलेला. दाराशी आलेल्याला वाढायचं. वरचे दोन्ही मजले ह्याच्या डोक्यावर उभे आहेत. हा काढा, राजा खाली येतो आणि साधू त्याच्या मांडीवर."

ऐकायला बरं वाटे. विसाव्यांदा कमी बरं वाटे.

मग एक दिवस लग्नांचे मोठाले सोहळे भरवणारे एक शेठ आमच्याकडे आले. उत्तरेकडच्या एका अमिरातीत त्यांनी भराव घालून केलेला छोटा टापू घेतला होता. किनाऱ्यापासून टापूपर्यंत रस्ता आणि भोवती समुद्र. त्यावर त्यांना युरोपातला जुना मठ हवा होता, लग्नांसाठी. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते गिऱ्हाईक अखेर चाचांच्या दाराशी आलं होतं, फक्त वरातीसकट.

आम्हाला वाटलं, आता चाचा भांडणार. चाचा भांडले नाहीत. अंगणात स्विमिंग पूल? चालेल, पण खाली दालन आहे, पाणी जड असतं, उथळ ठेवा. साधूंच्या जेवणघरात बँक्वेट? जेवणघरच आहे ते. मधल्या दालनात सिगार लाउंज? शेकोट्या होत्याच, धुराची सवय आहे. त्या मठाचा पुढे तुरुंग झाला होता. कैदी एका प्रचंड लाकडी चाकाच्या आत चालत आणि त्या चाकावर दोर गुंडाळत खालून सामान वर येई. शेठना त्या चाकाने नवरी वर आणायची होती. चाचांनी शांतपणे विचारलं, "वज़न कितना पकड़ूँ? गहनों के साथ."

ह्या शहाणपणाचं कारण मला एमडींकडून कळलं. चाचांनी साठी ओलांडली होती. त्यांचा व्हिसा कंपनीच्या सहीवर पुढे सरकत होता आणि मुदत संपत आली होती. एमडींनी त्यांना केबिनमध्ये बसवून हात जोडून सांगितलं होतं, हे काम मिळालं तर आणखी दोन वर्षं, नाही मिळालं तर कंपनीच राहील की नाही देव जाणे.

"मुरूडला घर आहे की तुमचं," मी गाडीत म्हणाले.

"घर आहे. माणसं कुठे आहेत?" ते म्हणाले. "भाऊ कुवेतला, बहिणी दोघी दुबईत, देराला, मुलगी इथे. मुरूडला माझ्या ओळखीचा एकच माणूस उरलाय, तो शिंपी. त्याला दिसत नाही आता." त्या दिवशी दगडाच्या होड्या निघाल्याच नाहीत.

चाचांनी फक्त एक हट्ट धरला. मॉडेल. मॉडेल बनवणारी वर्कशॉप आमच्या मागच्याच गल्लीत होती. तिथला नियम साधा. जे दिसणार नाही ते बनवायचं नाही. बाहेरून ॲक्रिलिक, आत पिवळे दिवे, काम खलास. चाचांनी मात्र मॉडेल डब्यासारखं करून घेतलं, मजला उचलला की खालचा मजला दिसेल असं. आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर त्यांना पंगत हवी होती.

मॉडेलसाठी बोटाच्या पेराएवढी माणसं तयार मिळतात. ती सगळी उभी असतात. बायका बाबागाड्या ढकलतात, पुरुष ब्रीफकेस घेऊन कुठेतरी निघालेले असतात. ह्या धंद्याच्या मते जगात जमिनीवर बसून जेवणारा माणूस नाही. चाचांनी त्यांतले पुरुष गुडघ्यांत कापायला लावले आणि दोन रांगांत समोरासमोर चिकटवले. त्यामुळे मध्ययुगातले ते भुकेले यात्रेकरू सूट-टायमध्ये होते आणि निम्म्यांच्या हातात ब्रीफकेस होती. चाचा मॉडेलवर वाकून कितीतरी वेळ ती पंगत बघत होते.

एमडींनीही बघितली. "चाचा, इथे व्हॅले पार्किंग आहे. ड्रॉइंगमध्ये आहे, मॅडमच्या ब्रोशरमध्ये आहे. प्लीज."

चाचांनी मान डोलावली. एमडींनी तिथल्या तिथे वर्कशॉपला व्हॉट्सॲप केला की खालच्या मजल्यावर गाड्या टाका. वर्कशॉपने टाकल्या. वर्कशॉपला जेवढं सांगावं तेवढंच ती करते आणि त्याबद्दल तिला नावं ठेवता येत नाहीत. माणसं काढा, असं त्या मेसेजमध्ये कुठेही नव्हतं.

प्रेझेंटेशनच्या दिवशी शेठनी खेळण्यासारखा एकेक मजला उचलला. पूल आवडला, नवरीचं चाक फार आवडलं. मग खालचा मजला उघडा पडला. चकचकीत काळ्या गाड्यांच्या मधोमध, ब्रीफकेस मांडीशी घेऊन, गुडघ्यांत तुटलेले सभ्य गृहस्थ दोन रांगांत बसले होते.

शेठ वाकले. "ये लोग पार्किंग में क्यों बैठे हैं?"

"ड्रायव्हर आहेत," एमडी घाईने मराठीत म्हणाले आणि मग हिंदीत आले. "ड्राइवर हैं सर. वेटिंग में."

"इतने सारे? और सूट में?"

"प्रीमियम ड्राइवर, सर."

गोष्ट तिथे संपली असती. शेठनी मजला परत ठेवायला हातही घातला होता. मी चाचांकडे पाहिलं. ते लांब बाहीचा हात वाकवून टेबलाच्या टोकाशी उभे होते, आणि व्हिसाची दोन वर्षं त्यांच्यापासून एका वाक्यावर होती. फक्त ते वाक्य बोलायचं नव्हतं.

"ड्राइवर नहीं हैं," चाचा म्हणाले. "खाना खाने बैठे हैं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डबा नव्हता, तरी हातांनी तीन पूड दाखवून सांगितलं. एमडी खिडकीबाहेरच्या गोदामांकडे पाहत होते. शेठ मात्र ऐकत होते.

"मतलब इफ़्तार," शेठ म्हणाले. "रमज़ान में तंबू तो हम लगाते ही हैं, हबीबी. हज़ार आदमी खाता है."

"रमज़ान में नहीं, शेठ. रोज़."

"रोज़ कौन आएगा?"

"जो बनाएगा. जो झाड़ू मारेगा. जो बर्तन धोएगा."

"अच्छा, स्टाफ मेस." शेठचा चेहरा उजळला. "तो वो पीछे दे दो ना."

"टापू का पीछा नहीं होता, शेठ," चाचा म्हणाले. "चारों तरफ़ समंदर है. जिधर आदमी उतरा, वही सामने."

मी मनातल्या मनात चाचांचं सामान बांधायला घेतलं होतं, सफारी वगैरे.

आणि शेठ हसले. टेबलावर थाप मारली. "क्या बात बोली! पीछा होता ही नहीं. मतलब हर कमरा सामने का." ते माझ्याकडे वळले. "मैडम, ये लिखो. यही टैगलाइन है."

मी लिहिली. टापूवरची एकही खोली मागच्या बाजूची नाही, आणि म्हणून एकाही खोलीला मागच्या बाजूचा दर नाही. काम आम्हाला मिळालं. चाचांचा व्हिसा दोन वर्षांसाठी वाढला. खालच्या मजल्याच्या ड्रॉइंगवर 'व्हॅले पार्किंग' लिहून आलं आणि डिझाइन हेड म्हणून त्याखाली चाचांनी सही केली.

त्यानंतर चाचा मठाबद्दल बोलायचे थांबले.

मी कितीतरी महिने ज्याची प्रार्थना केली होती ते घडलं होतं. गाडीत बातम्या लागायच्या. पेट्रोलचे भाव, हवामान, रस्त्यावरचे अपघात. बोगदा यायचा आणि काहीही न कोसळता जायचा. एकदा न राहवून मीच विचारलं, "चाचा, त्या ओवरीचे खांब समोरासमोर नसून आडवेतिडवे का लावलेत म्हणे?"

"गूगलवर मिळेल," ते म्हणाले आणि लेन बदलली.

दुपारचा डबाही बदलला. एकाच पुडाचा झाला.

टापूवर बांधकाम सुरू झालं. वर्षभराने, भर उन्हाळ्यात, मजकुरासाठी फोटो हवे म्हणून मी चाचांबरोबर साइटवर गेले. खालच्या मजल्याच्या कमानी तेवढ्या उभ्या राहिल्या होत्या. बाकी वाळू, सळ्या आणि डोळे दिपवणारं पाणी. दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला होता, जेवणाची गाडी येऊन थांबली होती आणि माणसं हातात ताटल्या घेऊन उभी होती. तेवढ्यात चाचांना एमडींचा फोन आला. ते एवढ्या मोठ्याने बोलतात की मलाही ऐकू आलं. शेठ पाहुणे घेऊन निघालेत, मुख्य कमान रिकामी ठेवा, माणसं मागे घ्या.

चाचांनी फोन खिशात ठेवला. "खाना पीछे लगाओ," ते फोरमनला म्हणाले.

"पीछे किधर, सर?" फोरमनने विचारलं. त्याच्या विचारण्यात काही नव्हतं. त्याला खरंच जागा हवी होती.

चाचांनी हात उचलला, दाखवण्यासाठी. पूर्वेकडे पाणी होतं. ते वळले. उत्तरेकडे पाणी होतं. पुन्हा वळले. लांब बाही वाऱ्यावर हलत होती. सावली संबंध टापूवर एकाच ठिकाणी होती, आणि ती त्या कमानींखाली.

"इधर ही बिठाओ," ते म्हणाले. "दो लाइन में. आमने-सामने."

माणसं बसली. गाडीतून डाळीचं पातेलं उतरलं, भात उतरला. चाचा कमानीच्या खांबावर हात ठेवून उभे राहिले, आणि मी ओळखलं. घसा साफ झाला.

"असली जो है ना," ते फोरमनला म्हणाले, "उसमें भी नीचे यही था. ऊपर साधू, बीच में राजा, और ये जो खंभा है, इसके ऊपर..."

"सर," फोरमन म्हणाला, "दाल ठंडी हो रही है."

"हाँ, हाँ, खाओ. मैं बोलता हूँ, तुम खाओ."

टापूच्या रस्त्यावर धूळ उठली. पुढे पांढरी मोठी गाडी, मागे आणखी दोन.

"चाचा, ते आले," मी म्हणाले.

"येऊ देत. जेवणाऱ्याला पानावरून उठवतात का?"

गाडी कमानीशी येऊन थांबली, कारण पुढे पंगत होती. शेठनी काच खाली केली. चाचा तिथपर्यंत चालत गेले.

"लोग खाने बैठे हैं, शेठ. थोड़ा रुकना पड़ेगा."

"चाचा, गेस्ट हैं मेरे साथ."

"इसीलिए बोला. खाते आदमी को उठाएँगे तो गेस्ट क्या सोचेंगे?"

शेठनी मागच्या सीटकडे एकदा पाहिलं. मग पंगतीकडे पाहिलं. काच वर गेली. ही दुपार शेठ विसरले नाहीत, हे चाचांच्या व्हिसाची मुदत पुन्हा संपली आणि कंपनीची सही झाली नाही तेव्हा कळलं. चाचा आता मुरूडला असतात, आणि मला व्हॉइस मेसेजवर दगडाच्या होड्या पाठवतात. पण त्या दुपारी तीन गाड्या एसी चालू ठेवून उन्हात उभ्या होत्या, आणि चाचा डाव हातात घेऊन दोन रांगांच्या मधून सावकाश फिरत विचारत होते, "और दाल? शरमाओ मत, बहुत है. और किसको दाल?"